मळ्यातलं घर आणि आतून लागणारी कडी

धाराशिवहून तेरला जाणाऱ्या एस.टी.त उजव्या अंगाला बसलं की तेर येण्याच्या थोडं आधी एक घर दिसतं. उसाच्या मळ्यात, उंच जोत्यावर, काळ्या दगडाचं, चारी बाजूंना खिडक्या असलेलं. मागं एकदा शेजारी बसलेल्या एका मास्तरांनी ते मला बोट करून दाखवलं. म्हणाले, "हा व्यंकटरावांचा बंगला. नकाशा स्वतः काढला त्यांनी. शाळा फार नाही शिकले, पण डोकं बघा." दगड कुणी रचले ते ठाऊक आहे का, असं मी विचारलं. रचले असतील कुणी गवंड्यांनी, असं ते म्हणाले. माझा पारा मुळातच खाली राहणारा नाही. मी कंडक्टरला घंटी मारायला लावली, तिथंच उतरलो आणि तेरपर्यंत उन्हात चालत गेलो. यंदा या अंकाच्या संपादकांनी धंद्याविषयी लिहा म्हटलं, तेव्हा त्या उन्हातल्या चालण्याशिवाय दुसरं काही आठवेना.

मी परंड्याकडचा, सोनारीच्या शिवारातला. चुन्याच्या घाणीवर बैलामागं फिरत होतो, तिथून दगडाला हात लावेपर्यंत आणि दगडापासून स्वतःचा गुण्या-ओळंबा घेऊन मिस्त्री म्हणून हिंडेपर्यंत कुणी मला हात धरून नेलं नाही. जे शिकलो ते दुसऱ्याचं काम बघत आणि शिव्या खात. म्हणून मला माझ्या कामाची किंमत नीट ठाऊक आहे आणि ती मी कधी कमी सांगितली नाही. लोक म्हणायचे, मिस्त्री भांडखोर आहे. घासाघीस करायला बसलो की गिऱ्हाइकाचा चहा गार व्हायचा, माझा नाही.

आमच्या धंद्यात घराचं माप खणांनी सांगतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, पाच खणी पाहिजे, सात खणी पाहिजे. पण खण सांगितले म्हणजे घर सांगितलं असं होत नाही. तुळजापूरच्या एका पुजाऱ्याला दरवाजा इतका बुटका हवा होता की येणारा प्रत्येक यात्रेकरू आपोआप वाकला पाहिजे. तो बांधून दिला. पहिल्या आठवड्यात कपाळ फुटलं ते पुजाऱ्याचंच. भूमजवळच्या एका सावकाराला जिना कुठं आहे ते पाहुण्यांना कळू नये असं वाटत होतं. तोही दिला. पण माणसाला काय हवं ते तोंडानं नीट सांगता येत नाही, हे मला लवकर कळलं, म्हणून मी माझी एक रीत बसवली. कागदावर माझा विश्वास नव्हता आणि गिऱ्हाइकाला कागद कळत नव्हता. मी जागेवर जायचो, खुंट्या ठोकायचो, सूत ताणायचो आणि चुन्याची फक्की टाकून सबंध घर जमिनीवर काढायचो. भिंतीला दोन रेघा, दाराला मोकळी जागा, चुलीला गोल. मग घरातल्या सगळ्यांना बोलवायचो. एक दिवस या घरात राहा म्हणायचो. बायकांनी चुलीपासून हौदापर्यंत चालून बघायचं, म्हाताऱ्यांनी पहाटे उठल्यासारखं उठून परसात जायचं. रेघ ओलांडायची नाही, दारातूनच जायचं. लोक हसायचे. पण संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरातली खरी कुरकूर बाहेर यायची, आणि फक्की पुसून पुन्हा टाकायला कष्ट पडत नाहीत. दगडाला पडतात.

व्यंकटरावांचं बोलावणं आलं तेव्हा आम्ही हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आलो होतो. त्या काळात आमच्या भागात नवं घर म्हणजे गावकुसाच्या आत, खेटून, आणि बाहेरच्या भिंतीला एकही खिडकी नाही. उजेड यायचा तो चौकातून, नाही तर माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, ठेवलेल्या भोकातून, ज्याला आम्ही सानं म्हणतो. बाहेरून बघितलं तर घर म्हणजे पाठ करून बसलेला माणूस. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललं होतं, आणि रझाकारीच्या दिवसांनी ते आणखी घट्ट करून ठेवलं होतं.

व्यंकटराव तेव्हा तिशीच्या आतबाहेर. रझाकारीत ते घर सोडून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या बार्शीकडच्या कॅम्पात गेले होते, बंदूक हाताळली होती. परत आले ते छाती पुढं काढूनच. विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं, ऊस लावला, आणि आता गाव सोडून मळ्यात राहायला जायचं म्हणत होते. सोलापूरला कुणाचा तरी बंगला बघून आले होते. लग्नपत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं एक चौकोन काढलेला होता, त्याला चारी बाजूंनी बारक्या बारक्या चौकटी. तो माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "मिस्त्री, नकाशा तयार आहे. तुम्ही फक्त बांधायचं."

त्या चौकोनात चूल नव्हती, जिना नव्हता, गोठ्याकडं जायला दार नव्हतं. पण मी गप्प बसलो, कारण मला ते घर हवं होतं. आमच्या पट्ट्यात शेतात बांधलेलं, चारी बाजूंना खिडक्या असलेलं ते पहिलं घर होणार होतं. ते उभं राहिलं आणि माणसं त्यात सुखानं राहिली, तर मागून दहा जण येणार हे मला दिसत होतं. नाही राहिलं तर मी आपला पुन्हा गळक्या माळवदांवर पांढरी माती पसरत बसणार.

आणि ते राहील असं काही दिसत नव्हतं, कारण व्यंकटरावांची आई. गयाकाकी म्हणायचे त्यांना. विधवा बाई, अंगानं काटकुळ्या, घरात शब्द त्यांचाच चालायचा. त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, तुम्ही जा मळ्यात, मी येणार नाही. का, ते सांगितलं नव्हतं. आईला गावात एकटी टाकून मुलगा मळ्यातल्या बंगल्यात गेला, असं झालं असतं तर भावकीनं व्यंकटरावांचं जगणं हराम केलं असतं. म्हणजे काकी आल्या तरच घर, नाही तर नुसता पाया.

फक्कीच्या दिवशी त्या आल्या, पण बांधावर बसून राहिल्या. व्यंकटराव रेघांमधून हात पसरत फिरत होते, इथं खिडकी, तिथं खिडकी. त्यांची बायको सुंदराबाई चुलीच्या गोलापाशी उगाच उभी होती. मी काकींना म्हटलं, आत या, तुमची खोली बघून घ्या. त्या आल्या, फिरल्या, आणि म्हणाल्या, "ह्याला लई डोळे हायती, मिस्त्री. येवढे डोळे कशाला पायजेत घराला?" आणि निघून गेल्या.

मी फक्की पुसली, खिडक्या कमी केल्या आणि पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. व्यंकटराव आता मलाच बोलायला लागले. म्हातारीचं काय ऐकता, तिला नवं काही नको असतं. मला मात्र ते पटेना. ही बाई कुरकुरी नव्हती. घासाघिशीत बसलेल्या माणसाचा चेहरा मला कळतो. समोरच्याला काहीतरी हवं असतं, पण मागायची सोय नसते, तसा त्यांचा चेहरा होता.

तिसऱ्या खेपेला त्या न बोलावता आल्या, सुंदराबाईंना घेऊन. व्यंकटराव इंजिनापाशी होते. काकी माजघराच्या दारातून आत आल्या, आपल्या खोलीपर्यंत गेल्या आणि माजघर नि खोली यांच्या मधल्या भिंतीच्या दोन रेघांत, लुगडं आवरून, खाली बसल्या. गुडघे पोटाशी घेऊन, अगदी अंग चोरून. गड्यांपैकी कुणीतरी हसलं की म्हातारी भिंतीत बसली.

मी जवळ गेलो. म्हटलं, "काकी, इथं भिंत यायची आहे."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. मग सुनेकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, "दोघी मावतील का, ते बगतेय."

सुंदराबाईंनी मान खाली घातली होती. मी गड्यांना चुना कालवायच्या निमित्तानं विहिरीकडं पिटाळलं आणि काकींच्या समोर, भिंतीबाहेर, उकिडवा बसलो. त्यांनी फार सांगितलं नाही. गावातल्या जुन्या घराच्या भिंतीत बळद होतं. जाड भिंतीत धान्य ठेवायला ठेवलेली पोकळी, आमच्याकडं जुन्या घरांत असते. ज्या दिवशी गावात रझाकारांची टोळी शिरली, त्या दिवशी सकाळी या दोघी त्यात उतरल्या आणि दिवे लागायच्या वेळेला निघाल्या. सुंदराबाई तेव्हा नुकत्याच सासरी आलेल्या. दारं फोडल्याचे, भांडी आपटल्याचे आवाज भिंतीतून ऐकू येत होते. व्यंकटरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर पोरगं कॅम्प सोडून आलं असतं," त्या म्हणाल्या. "आन्‌ आता सांगून काय करू? त्याला वाटतंय भ्या गेलं. त्याचं गेलं असंल."

मग मी जे केलं ते मला येतं तेच केलं. सौदा केला. मी म्हटलं, भिंत जाड करतो, आत पोकळी ठेवतो, तोंड तुमच्या खोलीतल्या फडताळाच्या पाठीमागं, हवा सान्यातून. पण मग बाकीच्या खिडक्यांना तुम्ही नाही म्हणायचं नाही. त्या म्हणाल्या, माझ्या खोलीला खिडकी नको. मी म्हटलं, एक तरी, उसाकडं. त्या म्हणाल्या, मग गज जवळ जवळ. किती जवळ? मी बोटं पसरून दाखवली, त्यांनी ती आणखी जवळ आणली, मी थोडी लांब केली. हात जाईल, डोकं जाणार नाही, इथवर आम्ही आलो. आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले, पण असं तोलामोलाचं गिऱ्हाईक पुन्हा भेटलं नाही. शेवटी त्यांनी एक अट घातली. व्यंकटला कळता कामा नये. मी शब्द दिला, आणि तिथंच फसलो.

कारण भिंत वर यायला लागली तसा व्यंकटरावांना तिचा संशय यायला लागला. बाहेरच्या भिंतीपेक्षा आतली भिंत जाड कशी? मी सांगितलं, माळवदाचा भार आहे. तुळया, फळ्या, त्यावर पाला, चिखल आणि तेरच्या पांढरीवरून, जुन्या गावाच्या टेकाडावरून, आणलेली हातभर माती, हे सगळं कशावर तरी पडणारच. ते खरंही होतं, पण त्या भिंतीपुरतं नव्हतं. व्यंकटराव हुशार माणूस, त्यांना ते पटलं नाही. एक दिवस त्यांचे मेहुणे, तलाठी आणि गावातली चार माणसं काम बघायला आली असताना ते त्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या मिस्त्रींची युक्ती बघा. जाड भिंत म्हणजे जाड बिल."

सगळे हसले. माझ्या हातात तेव्हा थापी होती. कारागिराला आळशी म्हणा, उद्धट म्हणा, चोर म्हणू नका. एरवी मी तिथंच काम सोडलं असतं आणि त्यांच्या चार पिढ्यांचा उद्धार केला असता. माजघराच्या चौकटीतून काकी माझ्याकडं बघत होत्या. मी थापी चुन्यात घातली आणि पुढचा दगड बसवला. तो दगड मी आजही ओळखून दाखवीन, इतक्या जोरात तो बसलाय.

फडताळाचं काम करीमभाईंकडं होतं. तेरचे सुतार, माझ्या बरोबरीचे, तुळयांची सागवानी लाकडं येडशीच्या स्टेशनातून उतरवून घ्यायची असली की मला त्यांच्याशिवाय चालायचं नाही. मी त्यांना इतकंच सांगितलं की फडताळाची पाठ उघडती पाहिजे आणि मागं जागा राहणार आहे. लहानशी दारासारखी फळी करा, बिजागरी दिसू देऊ नका, आणि फडताळाच्या बाजूनं एक कडी लावा.

करीमभाईंनी आत डोकं घालून ती पोकळी बघितली. बराच वेळ बघितली. मग बाहेर येऊन दाढीवरचा चुना झटकत म्हणाले, "कडी बाहेरनं नाही, मिस्त्री. अशा जागेला कडी आतनं लागते."

मी विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक. त्यांनी रंधा उचलला. पोलीस ॲक्शननंतर काही आठवडे त्यांचं घर बंद होतं, ते मला आठवलं. रझाकार गेले होते आणि आता भ्यायची पाळी दुसऱ्यांची होती. ते दिवस त्यांनी कुठल्या भिंतीत, कुणाच्या पेवात काढले, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नाही. त्यांनी आतून लोखंडी कडी बसवली, तिला तेल दिलं, आवाज होऊ नये म्हणून कोयंड्याला कातड्याचा तुकडा गुंडाळला. त्या कामाचं त्यांनी वेगळं काही धरलं नाही. मी धरून बसलो असतो.

घरभरणीला सगळं गाव मळ्यात लोटलं. आमच्याकडं रिवाज असा की घरभरणीला मालकानं मिस्त्रीला सोप्यावर बसवून फेटा बांधायचा, मग पंगत. त्या फेट्यावर आमची पुढची कामं ठरतात. ज्याच्या डोक्यावर तो दिसला त्याच्याकडं लोक जातात. व्यंकटरावांनी मेहुण्यांना फेटा बांधला, कारण सोलापूरचा बंगला त्यांनी दाखवला होता. तलाठ्यांना बांधला. मला आणि करीमभाईंना टॉवेल नि नारळ मिळाला, आणि पाहुण्यांना सांगितलं गेलं की नकाशा आमचा, हात यांचे.

मी उठून जाणार होतो. करीमभाईंनी माझं मनगट धरून ठेवलं. ते म्हणाले, थांब, म्हातारी अजून आली नाही.

ते खरंच होतं. सगळ्यांना फेट्यांचं पडलं होतं, पण काकींचा अजून पत्ता नव्हता. व्यंकटरावांचा चेहरा उतरला होता. भटजी मुहूर्त मुहूर्त करत होते. एवढ्यात बांधावरून त्या येताना दिसल्या. डोक्यावर ज्वारीची घागर, मागं सुंदराबाई. उंबऱ्यावर घागर ठेवली, सरळ आपल्या खोलीत गेल्या, सून मागोमाग. दार लागलं.

बाहेर सगळे ताटकळले. कुणी म्हणालं रुसल्या, कुणी म्हणालं रडत असतील. व्यंकटराव दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. मी आणि करीमभाई एकमेकांकडं बघत नव्हतो. मी कान देऊन ऐकत होतो, पण कातड्याच्या तुकड्यानं आपलं काम चोख केलं होतं. काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

मग दार उघडलं. काकी बाहेर आल्या. नव्या लुगड्याच्या खांद्याला पांढरा चुना लागला होता. सुंदराबाईंच्याही पदराला लागला होता, आणि त्या हसू दाबत होत्या. काकींनी सगळ्यांच्या समोर आपल्या खोलीतल्या उसाकडच्या खिडकीखाली बोट केलं.

"माजं बसणं हितं टाका," त्या म्हणाल्या. "आन्‌ त्या दोगा कारागिरास्नी पयली पंगत वाढा. आदी त्यास्नी, मग पावण्यांला."

वाढलं. फेटेवाले उभे आणि आम्ही दोघं पाटावर, असं आम्ही त्या घरात पहिलं जेवण जेवलो. व्यंकटरावांना कारण कळलं नाही, पण आई घरात आली होती, त्यामुळं ते काही बोलले नाहीत. मी पुरणपोळी मागून घेतली, पोटात जागा नसताना.

पुढं जे होईल असं मला दिसत होतं, ते झालं. मळ्यात घरं बांधायची लाट आली. खिडक्या असलेली घरं मी तेरणा नदीच्या दोन्ही अंगांना इतकी बांधली की आता मला त्यांचे मालक आठवत नाहीत. प्रत्येक ठिकाणी फक्की टाकली, आणि प्रत्येक ठिकाणी घरातल्या वयस्क बाईला आधी एकटीला त्यात फिरू दिलं. कुणी भिंतीत बसलं तर हसू देत नव्हतो.

काही वर्षांनी व्यंकटरावांच्या माळवदावरची माती बदलायला मला बोलावलं. मी वर काम करत होतो आणि खाली भिंतीतून पोरांच्या खिदळण्याचा आवाज येत होता. सान्यातून डोकावलो तर व्यंकटरावांची पोरं त्या पोकळीत लपाछपी खेळत होती. खाली उतरलो तर व्यंकटराव फडताळापुढं उभे. उघड्या फळीकडं बघत होते. ते काकींपाशी गेले आणि दार लावून घेऊन बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "भिंत जाड का, ते कळलं."

मला वाटलं, आता जाड बिलाचा शब्द मागं घेतील. घेतला नाही. उलट महिन्याभरात माझ्या कानावर आलं की व्यंकटराव पाहुण्यांना ती जागा दाखवतात आणि म्हणतात, आईसाठी मी मुद्दाम करवून घेतली. नकाशा गेला होताच, आता भिंतही गेली.

मी तणतणत काकींकडं गेलो. त्या आपल्या खिडकीत बसल्या होत्या. उसातून कोण येतंय, कुणाची गाय बांधावर चढली, सगळ्यावर तिथून नजर. गजांतून हात बाहेर काढून गड्याला हाका मारत होत्या. खिडकी थोडी मोठी करता येईल का, असं त्यांनीच मला विचारलं. मी म्हटलं, काकी, आधी माझ्या भिंतीचं बोला.

त्या हसल्या. "त्याला म्हणू दे," म्हणाल्या. "तुला देयाचं ऱ्हायलंय ते म्या ठेवलंय." आणि उशीखालून करीमभाईंची लोखंडी कडी कोयंड्यासकट काढून माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, ही का काढली?

"पोरं खेळत्यात तितं. आतनं लावून बसली आन्‌ उगडाया आली न्हाई तर? आता काय करायची ती."

कातड्याचा तुकडा अजून कोयंड्याला होता. मी तो काढून करीमभाईंना नेऊन दिला. ते बघून हसले, आणि ठेवून घेतला.

कडी मी माझ्या घराच्या दाराला बसवली, बाहेरच्या बाजूनं, येणाऱ्याला वाजवायला. चांगलं लोखंड आहे, आवाज गल्लीभर जातो. व्यंकटरावांचे आणि मेहुण्यांचे फेटे केव्हाच चिंध्या झाले असतील.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती वाजली. फटीतून बघितलं तर व्यंकटराव. केस पांढरे झालेले, काखेत कागदाची सुरळी. थोरल्या पोरासाठी नवं घर बांधायचं होतं आणि गावातल्या एकाही गवंड्याचं काम मुलाला पसंत पडत नव्हतं, हे मला आधीच कळलं होतं. त्यांनी पुन्हा कडी वाजवली. आपण काय हातात धरलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी खाटेवर पाय पसरून बसलो आणि जरा वेळ वाजवू दिली.